फाटकावरचा कौल

फाटक पडलं होतं. दांड्याच्या अलीकडे आमच्या वाघणकोंडातली निम्मी माणसं खोळंबलेली. दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली, बाजाराला निघालेल्या बायका, दप्तरवाली पोरं, रत्नागिरीला जाणाऱ्या कॉलेजच्या मुली. आता रेल्वेचं फाटक पडलेलं असताना माणसाने बघावं कुठे? रुळांकडे. पण रुळांकडे एकही डोळा नव्हता. सगळ्यांची तोंडं रस्त्याच्या कडेला, शेंदूर फासलेल्या चिऱ्याकडे.

चिरा कमरेएवढा, जांभ्या दगडाचा. त्याच्यावर जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. शेजारी गोणपाटावर मांडी घालून जानूबुवा. डोळे मिटलेले, मान डुलतेय.

"बा राखणदारा," बुवाने सूर लावला, "तुझी लेकरं तुझ्या वाटेवर उभी हायत."

"व्हय म्हाराजा," माणसं म्हणाली.

"समोरून लोखंडाचा नाग येतोय. त्याला डोंगराआड धरून ठेव."

"व्हय म्हाराजा."

"धरलास तर उजवी दे. धरवत नसंल तर डावी दे."

सगळे श्वास रोखून बघत राहिले. वाऱ्याची झुळूक नाही, झाडाचं पान हलत नाही, आणि उजवी पाकळी टपकन खाली पडली. झालं. माणसं वाकून दांड्याखालून पलीकडे. बायका टोपल्या सांभाळत, पोरं उड्या मारत, एका बहाद्दराने तर मोटारसायकल आडवी करून खालून सरकवली. सगळे पोचले, एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले, आणि मग कुठे गाडी धडधडत गेली. गाडीला हात जोडून आमची माणसं एकमेकांना सांगू लागली की बघ, आपण जाईस्तोवर धरून ठेवली होती.

मी त्या दिवशी गिरणीचा पट्टा आणायला निघाले होते म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. माझ्या अंगावर काटा आला. तो निव्वळ भीतीचा होता.

मी राही. वाघणकोंडात माझी पिठाची गिरण आहे. नवरा मुंबईला, मी आणि माझी मुलगी मृणाली इथे. गिरणीत उभं राहिलं की गावातली प्रत्येक गोष्ट कानावर येते आणि पट्ट्याच्या आवाजावर ओरडून ओरडून माझा आवाजही चढाच झालाय. लोक म्हणतात राहीवहिनी भांडते. भांडत नाही, बोलते. आता ऐकणाऱ्याच्या कानाला लागलं तर मी काय करू?

तर तो चिरा जुनाच. मुंबईला जाणारा माणूस जाताना त्याच्यापुढे नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचा, वाटेत सांभाळ म्हणायचा. कोकणातल्या प्रत्येक वाटेवर असा एक राखणदार असतोच. त्याने कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं. पण गेल्या गणपतीला जानू मुंबईहून आला तो परत गेलाच नाही. तिकडे एका दवाखान्यात वॉर्डबॉय होता म्हणे, ते काम सुटलं. दोन-तीन महिने पारावर बिड्या ओढल्या आणि एके दिवशी दाढी वाढवून, गळ्यात माळा घालून चिऱ्याशेजारी येऊन बसला.

त्याचा पहिला चमत्कार ऐका. आमच्या जाईबाई, सत्तरीच्या, फाटकाखालून वाकून चालल्या होत्या. जानू ओरडला, थांब, राखणदार नको म्हणतोय. त्या थांबल्या आणि समोरून गाडी गेली. गावभर बोभाटा झाला की बुवाने जाईबाईंचा जीव वाचवला. मी गिरणीत सगळ्यांना विचारत होते, अरे, फाटक बंद होतं आणि गाडी आली, यात चमत्कार कुठला? फाटक बंद असून गाडी आली नसती तर आपण म्हटलं असतं काहीतरी आक्रीत झालं. पण माझं बोलणं पिठासारखं उडून गेलं.

मग कौल सुरू झाला आणि जानूपुढे नारळ-पैसे पडू लागले. कौल आमच्या रक्तात आहे. लग्न ठरवायचं, विहीर खणायची, भावकीतलं भांडण मिटवायचं, लोक देवाला कौल लावतात. पाकळी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जानूने तीच रीत उचलून रुळांवर आणून ठेवली. आणि खरं सांगायचं तर लोकांनाही ते हवंच होतं. एसटी पलीकडच्या रस्त्यावरून हातखंब्यामार्गे रत्नागिरीला जाते, ती कोणासाठी थांबत नाही आणि फाटक नेमकं त्याच वेळी पडतं. आपल्याला जे करायचंच आहे त्याला देवाने हो म्हटलं तर कोणाला नको असतं?

फाटकावर प्रमोद म्हणून रेल्वेचा माणूस असतो. तो बिचारा घसा कोरडा करायचा. त्याने रेल्वे पोलिसांना कळवलं. ते आले, चार जणांना पकडून नेलं, दंड केला. पोलिसांची पाठ वळली की कौल चालू. जानूने पसरवून दिलं की प्रमोद परगावचा, त्याला आपल्या राखणदाराची किंमत नाही. त्यानंतर प्रमोदला गावात कोणी चहासुद्धा विचारेना.

तो दळण घेऊन आला तेव्हा मी त्याला विचारलं की जानूचा कौल खरा कसा ठरतो. ते ठाऊक नाही म्हणाला. एवढंच म्हणाला, "वहिनी, फाटक पडल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. म्हणजे फाटक पडलं की गाडी आहेच. कुठली, किती लांब, हे विचारायचंच नाही. मालगाडी असेल, एकटं इंजिन असेल, दुरुस्तीची गाडी असेल. आणि आता सगळी विजेवरची. पूर्वीचं डिझेल डोंगरापलीकडून ऐकू यायचं. हे कटिंगमधून बाहेर पडेपर्यंत कळत नाही."

कटिंग म्हणजे डोंगर कापून रुळांसाठी काढलेली घळ. आमच्या फाटकापासून ती हाकेच्या अंतरावर, त्यात रूळ वळलेले. त्या वळणातून गाडी बाहेर येते तेव्हा ती आलेलीच असते.

मृणाली बारावीला, रोज ह्याच फाटकातून एसटीला जायची. मी तिला शंभरदा बजावलं होतं की फाटक पडलेलं असेल तर थांबायचं. ती हो म्हणायची. माझा विश्वास होता. मग एका संध्याकाळी तिची मैत्रीण दीप्ती गिरणीत आली आणि सहज बोलून गेली की आज कौल लवकर मिळाला म्हणून आम्हाला एसटीत बसायला जागा मिळाली. आम्हाला. मी गिरण बंद केली.

मृणालीला समोर बसवलं. तिने लपवलं नाही. उलट माझ्याकडेच मी अडाणी असल्यासारखं बघत राहिली.

"आई, चार महिने झाले. एकदा तरी चुकलंय का, सांग."

काय सांगणार? चुकलं नव्हतंच. सायन्सला आहे ही माझी मुलगी, आणि हिचा हिशोब असा की आजवर मेलो नाही म्हणजे उद्याही मरणार नाही. मी ओरडले, तीही ओरडली, पहिला तास प्रॅक्टिकलचा असतो, उशीर झाला तर सर बाहेर उभं करतात, तू येऊन सांगणार आहेस का त्यांना. ती पाय आपटत आत गेली. त्या दिवसापासून सकाळी गाडीची शिट्टी झाली की माझा हात थांबायचा. मुलगी संध्याकाळी दारात दिसेपर्यंत जीवात जीव नसायचा. आणि दारात दिसली की मी पुन्हा भांडायचे. भीती वाटली की मला रागच येतो, माझा स्वभावच तसा.

शेवटी ठरवलं, आपणच जाऊन उभं राहायचं. जानूला एवढं कळतं कसं ते जवळून बघायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तांदळाचं पीठ दळून घेतलं आणि हातपाय न धुता तशीच फाटकावर गेले. केसांपासून पायांपर्यंत पांढरी. फाटक पडलं होतं, माणसं जमली होती, गाऱ्हाणं चालू होतं. पुढे मृणाली आणि दीप्ती, त्यांच्यापुढे माठाच्या भाजीच्या जुड्यांची टोपली घेतलेल्या जाईबाई. मृणालीने मला पाहिलं आणि मुद्दाम तोंड फिरवून कानात ती गाण्याची बोंडं खुपसली. मी गर्दीतून वाट काढत थेट चिऱ्यापाशी गेले. जानूने एक डोळा किलकिला केला.

"बाय, मागं हो. विटाळ होतोय देवाला."

माझं टाळकं सणकलं. मी पदर झटकून कमरेला खोचला. पदरातलं पीठ भसकन उडालं आणि चिऱ्यावर, पाकळ्यांवर, जानूच्या दाढीवर बसलं. तो शिंकला, पण मागे शंभर डोळे लागलेले, त्यामुळे कौल थांबवता येईना. धरलास तर उजवी दे, म्हणाला. मी चिऱ्याकडे टक लावून बघत होते. आणि मला दिसलं. उजव्या पाकळीखाली चिऱ्याला जे बारीक भोक होतं, त्यातून पिठाचा फुस्कारा उडाला. मग पाकळी पडली.

आधी फुस्कारा, मग पाकळी. मला लगेच कळलं. गिरणीत मी रोज हवेच्या पंपाने पीठ उडवते, तसंच. दगडाच्या आतून कोणीतरी हवा मारत होतं. जांभ्याला अंगभर भोकं असतातच, एखादं जास्त आहे का ते कोण बघतो?

मी ओरडायला तोंड उघडलं, पण उजवी पडली होती आणि माणसं निघाली होती. त्याच क्षणी प्रमोद त्याच्या खोलीतून लाल झेंडा घेऊन धावत बाहेर आला. मागे व्हा, इंजिन आहे, म्हणून किंचाळत होता. त्याच्या किंचाळण्याची लोकांना सवय झाली होती. कोणी मान वळवली नाही.

जाईबाई रुळांवर पोचल्या आणि थांबल्या. रूळ आणि रस्त्यामध्ये खाच असते, त्यात त्यांची चप्पल अडकली होती. चप्पल सोडून जायचं सोडून बाई खाली वाकून ती ओढत बसल्या. दीप्ती पलीकडे गेली. मृणालीही गेली. आणि तेव्हा कटिंगच्या वळणातून इंजिन बाहेर आलं. नुसतं इंजिन, मागे डबे नाहीत. भोंग्याने कानठळ्या बसल्या. मृणालीने वळून पाहिलं, जाईबाई दिसल्या, आणि माझी मुलगी परत रुळांवर आली.

मी काय केलं ते मला आठवत नाही. लोक सांगतात मी दांड्याला धरून तिच्या नावाने हंबरडा फोडला आणि दोघांनी मला मागून धरून ठेवलं. मला फक्त एवढं दिसत होतं की तिने म्हातारीच्या काखेत हात घातले आहेत आणि म्हातारी टोपली सोडत नाहीये. मग मध्ये इंजिन आलं आणि पलीकडचं काही दिसेना. लोखंडावर लोखंड घासल्याचा तो आवाज, ठिणग्या, जळका वास. इंजिन संपेना. खरं तर ते केवढंसं असतं, पण माझ्यासमोरून ते जातच राहिलं.

गेलं. पलीकडे रस्त्याच्या कडेला दोघी आडव्या पडल्या होत्या. मृणाली उठून बसली. तिच्या कोपराला खरचटलं होतं. जाईबाईंची टोपली रुळांवर चिपाड झाली होती आणि माठाची हिरवी पानं खडीवर पसरली होती.

फाटक उघडलं नव्हतं म्हणून मी अलीकडेच उभी राहिले. दांड्याखाली वाकले नाही. प्रमोदने दोन्ही बाजू बघून दांडा उचलला तेव्हा गेले आणि मुलीला घट्ट धरून दोन थपडा मारल्या. मग रडले. तीही रडत होती.

इंजिन पार पुढच्या ओढ्यावरच्या मोरीपाशी जाऊन थांबलं होतं. तिथून त्याचा ड्रायव्हर चालत आला. चाळिशीचा माणूस, घामाने निथळलेला. त्याने आधी विचारलं, म्हातारी कुठाय. जाईबाई दिसल्या तसा तो खडीवर मटकन बसला आणि पाणी मागितलं. पेला त्याला धरवेना, दीप्तीने धरला.

"बाई, माझ्या हातात फक्त ब्रेक असतो," तो मला म्हणाला. "मला वळता येत नाही. ब्रेक लावला की मग नुसतं बघायचं. समोरचा माणूस हलतोय की नाही, एवढं बघायचं."

आणि तेवढ्यात जानूचा सूर लागला. राखणदाराने दोघींना हात दिला, पुढच्या अमावास्येला कोंबडं द्यावं लागेल. आणि तुम्हाला सांगते, दोन-चार जणांनी हात जोडलेसुद्धा. व्हय म्हाराजा म्हणायला त्यांची तोंडं उघडली होती.

माझी भीती तिथे संपली. मी परत अलीकडे आले आणि त्याला म्हटलं, ऊठ. तो उठेना. बाजाराला निघालेल्या दोन बायकांनी त्याला दंडाला धरून बाजूला केलं. मी गोणपाट उचललं. खाली दोन रबरी फुगे होते, डॉक्टर रक्तदाब बघताना हाताने दाबतात तसले. प्रत्येकाला सलाइनची नळी, नळ्या मातीखालून चिऱ्याच्या पाठीत शिरलेल्या. उजव्या गुडघ्याखाली उजवा फुगा, डाव्याखाली डावा. गुडघा दाबला की आमचा राखणदार बोलत होता.

मी दोन पाकळ्या पाण्यात बुडवून चिऱ्याला लावल्या. सगळ्यांना जवळ बोलावलं. मग दोन्ही फुगे हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा, जानू खोटारडा असंल तर उजवी दे."

दाबलं. पाकळी पडली. कोणी व्हय म्हाराजा म्हणालं नाही. मग म्हटलं, आम्ही सगळे शहाणे असू तर डावी दे. दाबलंच नाही. डावी चिकटून राहिली. मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

पण फुग्याने पाकळी पडते, गाडी कुठे आहे ते जानूला कसं कळायचं? तेही बाहेर पडलं. ओढाताणीत त्याच्या कमरेचा मोबाइल खाली पडला होता. दीप्तीने उचलून बघितला. गाडी कुठवर आली ते दाखवणारं ॲप उघडंच होतं. पुढची एक्स्प्रेस अजून तीन स्टेशनं मागे, असं त्यावर दिसत होतं. ते बघून त्याने उजवा गुडघा दाबला होता. एकटं इंजिन त्या ॲपवर नव्हतंच. मालगाडीही नसते. प्रमोद म्हणाला, आजवर फाटकाखालून जाताना मालगाडी गाठ पडली नाही, हे नुसतं नशीब.

जानू तोवर रडकुंडीला आला होता. "मी काय कोणाला मारायला बसलो नव्हतो," तो म्हणाला. "खरोखर गाडी बघूनच सांगत व्हतो ना?"

"मग फोन बघून सांगतो असं का नाय बोललास?" जाईबाईंनी विचारलं. त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती.

"फोनला नारळ कोण देतो, आये."

ह्याच्यापेक्षा खरं वाक्य तो चार महिन्यांत बोलला नव्हता. पोलीस आले, त्याला घेऊन गेले. पण मी गावाला त्या दिवशी सांगितलं तेच इथेही सांगते. एकट्या जानूला शिव्या घालून सुटू नका. त्याने फसवलं खरं, पण रुळांवर आपले पाय त्याने उचलून ठेवले नव्हते. ते आपले आपण ठेवले. जास्वंदीच्या पाकळीला गाडी दिसत नाही. दगडाला दिसत नाही. फोनलासुद्धा सगळी गाडी दिसत नाही. गाडी दिसते आपल्या डोळ्यांना आणि ऐकू येते आपल्या कानांना, ते दोन्ही मोकळे ठेवा. फाटक पडलं की थांबा. उघडलं तरी दोन्हीकडे बघून मग पाऊल टाका. खाचेत चप्पल अडकली तर चप्पल सोडा, टोपली सोडा, मोटारसायकल बंद पडली तर तीही सोडा आणि बाजूला व्हा. ड्रायव्हरच्या हातात फक्त ब्रेक आहे. बाकी सगळं तुमच्या हातात आहे आणि त्याला कौल लागत नाही.

मृणाली तीन दिवस घराबाहेर पडली नाही. भोंगा ऐकला की कानांवर हात ठेवायची. मी तिला काही बोलले नाही. चौथ्या दिवशी तिने दप्तर भरलं. मला म्हणाली, तू पण चल फाटकापर्यंत. गेले. फाटक पडलेलं. अलीकडे सगळी माणसं उभी, मोटारसायकली बंद केलेल्या. पलीकडे रत्नागिरीची एसटी आली, कंडक्टरने आमच्याकडे बघून घंटी मारली. पूर्वी ह्याच घंटीला माणसं दांड्याखाली वाकायची. एक पोरगा पुढे सरकला तसा जाईबाईंनी त्याचा शर्ट मागून धरला. मृणालीने माझा हात धरला. तिचा तळवा ओला होता, पण ती हलली नाही.

एसटी गेली. त्यानंतर बराच वेळ काहीच आलं नाही. कोणी जांभई दिली, कोणी शिवी दिली, पण पाय कोणाचा हलला नाही. मग कटिंगमधून मालगाडी आली आणि डब्यामागून डबे आमच्यासमोरून जात राहिले. मृणालीला त्या दिवशी सरांनी वर्गाबाहेर उभं केलं. संध्याकाळी घरी येऊन तिने ते सांगितलं, आणि मी देवाशपथ सांगते, इतकी आनंदाची बातमी मी आजवर ऐकली नव्हती.